इयत्ता म्हणजे किती?

'इयत्ता' हा शब्द आपण रोज उच्चारतो, आणि त्याचा अर्थ विचारावा असे कुणाला सुचत नाही. मुलगा कितवीत आहे? इयत्ता चौथीत. जुनी माणसे 'यत्ता' म्हणत. संस्कृतात 'इयत्' म्हणजे 'एवढे', आणि इयत्ता म्हणजे एवढेपणा, परिमाण, माप. तोंडाने आपण वर्ग म्हणतो आणि मनात फळा, बाके, मास्तर असे चित्र उभे राहते. शब्द मात्र तराजूचा आहे. इंग्रजीतला 'स्टँडर्ड'ही तसाच, मोजण्याचे प्रमाण सांगणारा. मुलांच्या बसण्याच्या ओळीला मापाचे नाव का पडावे, हा प्रश्न काही वर्षांपूर्वी डोक्यात शिरला आणि तो मला कुठे कुठे घेऊन गेला, ते या लेखात सांगायचे आहे. मी शिक्षणशास्त्राचा पदवीधर नाही. जुने अहवाल, निवेदने आणि शाळांची शेरेबुके वाचण्याचा नाद, एवढेच माझे भांडवल.

सुरुवात इयत्ता नसलेल्या शाळेपासून करू. पेशवाईच्या अखेरीस आणि कंपनी सरकारच्या पहिल्या दशकात महाराष्ट्रात शाळा होत्या त्या पंतोजींच्या. कुणाच्या ओसरीवर, कुठे देवळात, कुठे सावकाराच्या पडवीत. एल्फिन्स्टनच्या काळात, १८२०च्या दशकात, सरकारने कलेक्टरांकडून या शाळांची मोजदाद करवली. मुंबई इलाख्यात सुमारे १,७०० शाळा आणि ३५,००० मुले असा हिशेब निघाला. ती कागदपत्रे पुढे रा. वि. परुळेकरांनी संपादून छापली, म्हणून आपल्याला ती वाचता येतात. शाळा आणि पोरे मोजली गेली. पोरांना काय येत होते, ते मोजण्याची कल्पना त्या साहेबांना अजून सुचलेली नव्हती.

पंतोजीला ते कसे कळे? त्याची पद्धत पाहिली तर परीक्षा नावाचा वेगळा दिवस तिच्यात सापडत नाही. पोर धूळपाटीवर अक्षर गिरवी. हात बसला की पुढचे अक्षर, मग बाराखडी, मग बोरू आणि मोडीचा कित्ता. कुणाचा हात आठ दिवसांत बसे, कुणाचा महिन्याने. एकाच ओसरीवर वीस पोरे वीस ठिकाणी असत आणि त्यात कुणाला वावगे वाटत नसे. थोरला पोरगा धाकट्याला सांगे. (मद्रासेत अँड्र्यू बेलने हीच रीत पाहिली आणि विलायतेत नेऊन ती गाजवली. आपलाच माल 'मॉनिटर पद्धत' म्हणून आपल्याकडे परत आला.) संध्याकाळी परवचा. पाढे, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. सगळी पोरे एका सुरात म्हणत, आणि ज्याचे ओठ नुसते हलत असत तो पंतोजीच्या कानाला बरोबर कळे. आजच्या भाषेत बोलायचे तर मूल्यमापन अध्यापनातच मुरलेले होते.

खरी परीक्षा मात्र पंतोजी घेतच नसे. ती घेई पोराचा बाप. पोराला मोडीतले पत्र वाचता आले, दुकानावरचा हिशेब तोंडी सांगता आला, व्याजाची आकारणी करता आली, की शाळा संपली. येत नसेल तर बाप पंतोजीचे पैसे थांबवी किंवा पोरगा दुसऱ्या ओसरीवर धाडी. मापदंड घरात होता, आणि शिकून काय करायचे हे त्या घराला पक्के माहीत होते.

या चित्राच्या प्रेमात पडणारे लोक मला भेटतात. मला ते जमत नाही, कारण या तराजूचे दुसरे पारडे दिसत राहते. ज्या घराला हिशेबाची गरज 'असायला हवी' असे गावाने मानले होते, त्याच घरचा पोर त्या ओसरीवर होता. कुणब्याचा क्वचित, मुलगी जवळजवळ नाहीच, महार-मांगाचा पोर तर ओसरीच्या जवळही नाही. बापच परीक्षक असेल तर ज्याच्या बापाला वाचता येत नाही, त्याची परीक्षा कोण घेणार?

त्या काळात आणखी एक परीक्षा होती, तिची आठवण इथे हवी. पुण्यात श्रावणमासी पेशवे दक्षिणा वाटत. या प्रथेचे मूळ तळेगावच्या दाभाड्यांकडे जाते. पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात सरसकट वाटप होई, पण नामांकित विद्वानांची परीक्षा शास्त्री घेत आणि तिच्यावर दक्षिणेचा आकडा ठरे. ही परीक्षा तोंडी होती, समोरासमोर होती आणि परीक्षक विद्येत उमेदवाराहून वरचढ असे. विद्येच्या मापावर पैसा, ही कल्पना आपल्या मातीत अगदीच परकी नव्हती, एवढे इथे नोंदवून ठेवतो. पुढे ती वेगळ्याच वेषात येणार आहे.

इंग्रजी अमलात प्रथम आली ती जाहीर परीक्षा. शाळेचा वार्षिक समारंभ असे, साहेब लोक आणि गावातले प्रतिष्ठित खुर्च्यांवर बसत, मुलांना प्रश्न विचारले जात, बक्षिसे वाटली जात. आज तो प्रकार दिखाऊ वाटेल. होताही. तरी या दिखाऊपणाला एका ठिकाणी फार मोठे मोल आले. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, नंतर अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा काढल्या. मुलींना विद्या येतच नाही आणि या जातींना ती पेलत नाही, हे पुण्याचे ठाम मत होते. या मताला वादाने उत्तर देऊन उपयोग नव्हता. उत्तर दिले ते जाहीर परीक्षांनी. लोकांसमोर मुलींनी वाचून दाखवले, गणिते सोडवली. दादोबा पांडुरंगांसारख्या सरकारी शाळा तपासणाऱ्या जाणत्या माणसाने या शाळेची परीक्षा घेतली, आणि १८५२च्या नोव्हेंबरात विश्रामबागवाड्यात मेजर कँडीच्या हस्ते जोतीरावांचा सत्कार झाला. परीक्षेचा हा उपयोग आपल्या शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत मला कुठे भेटला नाही. तिथे परीक्षा मुलाची होते. इथे मुली पाटी घेऊन उभ्या होत्या आणि परीक्षा पुण्याची चालली होती.

त्याच शाळेतल्या मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मांग समाजातल्या मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तो १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. तीनेक वर्षे शिकलेली मुलगी धर्माला, पेशवाईला, स्वजातीच्या अज्ञानाला प्रश्न विचारते आहे. तिला काय आले, हे मोजायला कुठले माप लावायचे? वाचन चांगले, लेखन चांगले, असा शेरा या निबंधावर मारून पाहावा.

यानंतर दहा वर्षांच्या आत जे माप आले त्यात मुक्ताच्या निबंधासाठी रकाना नव्हता.

रॉबर्ट लो नावाच्या मंत्र्याने १८६२ साली इंग्लंडात 'रिव्हाइज्ड कोड' अमलात आणला. गरिबांच्या शाळांवर सरकारी खर्च वाढत चालला होता आणि त्या पैशातून मुले काय शिकतात ते कळत नव्हते. लोचा उपाय सरळ होता. मुलांसाठी वाचन, लेखन, गणित यांच्या चढत्या सहा पायऱ्या आखल्या, त्यांना नाव दिले 'स्टँडर्ड'. वर्षातून एकदा इन्स्पेक्टरने येऊन एकेका मुलाची परीक्षा घ्यायची. मुलाच्या हजेरीसाठी ४ शिलिंग, परीक्षेसाठी ८ शिलिंग. तीनपैकी एका विषयात नापास झाला की २ शिलिंग ८ पेन्स वजा. शिक्षण स्वस्त नसेल तर निदान परिणामकारक असेल, आणि परिणामकारक नसेल तर निदान स्वस्त तरी पडेल, असा त्याचा युक्तिवाद होता. खर्च पुढल्या तीन-चार वर्षांत खरोखरच उतरला. दुसऱ्या अर्ध्याबद्दल मात्र खुद्द इन्स्पेक्टरच तक्रार करू लागले. कवी मॅथ्यू आर्नल्ड त्यांच्यातलाच एक. वर्षभर एकच वाचनपुस्तक घोकून पोरे ते पाठ म्हणत, पुस्तक हातात उलटे धरले तरी त्यांचे वाचन अडत नसे, असे किस्से तेव्हापासून सांगितले जात आले आहेत.

हाच तराजू दोन-चार वर्षांत मुंबई इलाख्यात उतरला. १८५४च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना अनुदान देण्याचे धोरण घातले होते, १८५५ साली स्वतंत्र शिक्षणखाते उभे राहिले होते, आणि ते अनुदान कशावर द्यायचे याला 'निकालावर' हे उत्तर १८६०च्या दशकात मिळाले. हा मुलगा या इयत्तेत या विषयात उतरला की त्याचे इतके. नाही उतरला, तर तितके गेले. दक्षिणेत विद्वानाच्या विद्येचा पैसा विद्वानाला मिळे. इथे मुलाच्या विद्येचा पैसा शाळेला मिळू लागला. वरवर फरक बारीक दिसतो, पण वर्गात बसलेल्या पोराच्या दृष्टीने त्याने सगळे उलटेपालटे केले.

कसे, ते पाहा. पंतोजीच्या ओसरीवरचे संथ पोर म्हणजे फक्त संथ पोर होते. नव्या शाळेत ते तोट्याचे पोर झाले. हुशार पोर तर आधीच उतरल्यासारखे, त्याच्यावर वेळ घालवून जास्त काही हाती लागत नाही. मास्तरचे सगळे लक्ष काठावरच्या पोरांवर. ज्याचे काही खरे नाही त्याला त्या दिवशी घरीच ठेवलेले किंवा वरच्या इयत्तेत न चढवलेले बरे. यात मास्तर दुष्ट होता असे मुळीच नाही. ज्याची भाकरी एका दिवसाच्या आकड्यावर टांगली आहे, तो माणूस शहाणपणाने वागला तर असाच वागेल.

तो एक दिवस म्हणजे डिपुटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर गावात येण्याचा. खेड्याच्या तोंडी त्याचा 'दिपोटी' झाला. शाळा सारवायची, तोरणे बांधायची, पोरांनी धुतलेले कपडे घालून यायचे, ठरावीक कविता म्हणायची. एका माणसाला एका दिवसात सारी शाळा तपासायची असली की तो काय विचारणार? चटकन बरोबर-चूक ठरवता येईल असे. नद्यांची नावे, राजांचे सन, व्याकरणाच्या व्याख्या, तोंडी हिशेब. आणि मास्तर वर्षभर काय शिकवणार? तेच. जुन्या शेरेबुकांतले शेरे एकमेकांना इतके मिळतेजुळते का असतात, याचे कारण मला इथे सापडले.

याच सुमारास वरच्या टोकाला मॅट्रिकची परीक्षा आली. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली पहिली प्रवेश परीक्षा झाली. शंभरावर बसले, वीस-बावीस उतरले, त्यांत महादेव गोविंद रानडे होते. तिच्याबद्दल आपल्याकडे इतके लिहिले गेले आहे की मी थांबत नाही. लेखी उत्तरपत्रिका आणि न दिसणारा परीक्षक ही मॅट्रिकची देणगी पुढे खाली खाली झिरपत पहिलीपर्यंत आली, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

आता या गोष्टीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा कागद. १८८२ साली हंटर आयोग आला. १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचे जोतीरावांचे निवेदन त्या आयोगापुढे आहे. प्राथमिक शिक्षणाकडे दुर्लक्ष, उच्च शिक्षणावर उधळण, शेतकऱ्याच्या पैशावर वरच्या जातींचे शिक्षण, हा भाग सर्वांना ठाऊक आहे. त्यात तपासणीविषयी एक परिच्छेद आहे, तो सहसा कुणी उद्धृत करीत नाही. डिपुटी वर्षातून एकदा येतो त्याचा काही उपयोग नाही, असे जोतीराव म्हणतात. मग त्याचे येणे बंद करा म्हणतात का? नाही. तिमाहीला तरी शाळा तपासा, शिवाय अधूनमधून न कळवता अचानक जा, असे ते सुचवतात. गावच्या आणि तालुक्याच्या अंमलदारांवर विसंबू नका. त्यांना सवड नसते आणि त्यांची परीक्षा वरवरची होते. युरोपियन इन्स्पेक्टरचीही नजर अधूनमधून असावी, म्हणजे मास्तरांवर वचक राहील.

आजचा परीक्षाविरोधी वाचक इथे बुचकळ्यात पडेल. सुधारकाने अधिक तपासणी मागावी? पण जोतीरावांच्या जागेवरून बघा. बहुतेक मास्तर एका जातीचे. शूद्रादी अतिशूद्रांच्या मुलांना ते मनापासून शिकवत नाहीत, हा त्यांचा अनुभव. अशा शाळेत 'मूल्यमापन मास्तरवर सोपवा' म्हणणे म्हणजे त्या पोराला मास्तरच्या मर्जीवर सोडणे. बापाला वाचता येत नाही, तो ओसरीवरच्या बापासारखा पत्र वाचून घेऊन परीक्षा करू शकत नाही. त्या पोरासाठी बाहेरची नजर हा एकच आधार होता. जाहीर परीक्षेच्या बळावर मुलींची शाळा उभी केलेल्या माणसाने ही मागणी करावी यात मला विसंगती दिसत नाही. ते माप मागत होते, आणि ते वारंवार, अवचित, शिकवणाऱ्याला सावरून घेता येणार नाही असे मागत होते. खात्याने दिले वर्षातून एकदा, वर्दी देऊन.

हंटर आयोगाने कॉलेजांना निकालावर पैसे देण्याची पद्धत नाकारली. प्राथमिक शाळांसाठी मात्र ती मान्य केली. म्हणजे जिथे मूल सर्वांत लहान, तिथेच ती राहिली. पुढे १९०४ साली कर्झनच्या सरकारने शिक्षणधोरणाचा ठराव काढला. परीक्षांनी सारे शिक्षण ग्रासले आहे, ज्याची लेखी परीक्षा घेता येत नाही ते शिकवलेच जात नाही, शिक्षक आणि विद्यार्थी परीक्षक काय विचारील याचेच गणित मांडतात, अशी खुली कबुली त्यात आहे. निकालावर पैसे ही पद्धत इंग्लंडातून आणली, हेही त्याच ठरावात आहे. त्यानंतर ती गेली. इंग्लंडातून ती आधीच गेली होती. 'स्टँडर्ड' आणि 'इयत्ता' मात्र राहिल्या. तराजू मोडला आणि वजनांवरची नावे पोरांच्या अंगाला चिकटून बसली.

नंतरचा एक माणूस मला फार कुतूहलाचा वाटतो. सर फिलिप हार्टोग. महात्मा गांधींशी देशी शाळांच्या संख्येवरून वाद घालणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. १९२९ साली त्यांच्या समितीने भारतातल्या शिक्षणावर अहवाल दिला. १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या दर १०० मुलांपैकी १९२५-२६ साली चौथीत १८ उरली, असा हिशेब त्यात आहे. आपले 'गळती आणि स्थगन' हे जोडशब्द तिथून आले. स्थगन म्हणजे त्याच इयत्तेत पुन्हा बसणे, आणि पुन्हा बसलेले पोर बहुधा पुढल्या वर्षी गळते. माप लावले की काही पोरे त्यातून खाली सांडतात, हे पहिल्यांदा एवढ्या ढळढळीत आकड्यांत आले.

याच हार्टोगनी सहा वर्षांनी इंग्लंडात परीक्षकांचीच परीक्षा घेतली. इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका त्यांनी अनुभवी परीक्षकांना तपासायला दिल्या आणि वर्ष-दीड वर्षाने त्याच पत्रिका त्याच परीक्षकांना पुन्हा दिल्या. १४ जणांनी त्या दोन्ही वेळा तपासल्या, म्हणजे एकूण २१० निर्णय. त्यांपैकी ९२ निर्णय बदलले. पहिल्या खेपेस पास ठरलेला दुसऱ्या खेपेस नापास किंवा गुणवंत. नापास झालेला पास. आमच्याकडे एका गुणाने गेलेल्या पोरांच्या कहाण्या घराघरांत आहेत. हे ९२ मी अशा एका आईला सांगितले, तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "हे त्याच वर्षी कुणी सांगितलं असतं तर."

मधला पट्टा धावत ओलांडतो. भावनगरात गिजुभाई बधेका आणि त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी माप बाजूला ठेवून मुलाकडे नुसते पाहण्याची रीत बसवली. ताराबाई आणि अनुताई वाघ ती बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर घेऊन गेल्या. गुरांमागे जाणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. निरीक्षण करून नोंद ठेवणे हे मूल्यमापन असू शकते, हे तिथे सिद्ध झाले होते. पण त्याला अनुताई लागतात. खात्याला लागतो तक्ता. १९६४-६६च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातले. भारतीय शिक्षणाचा इतिहास लिहिलेला माणूस. सुरुवातीच्या इयत्तांमधल्या भिंती काढून टाका, असे त्या आयोगाने सुचवले. म्हणजे पुन्हा ओसरीच, या खेपेस सर्वांसाठी. ते कागदावर राहिले.

२००९च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे थांबवले आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. महाराष्ट्राचा शासननिर्णय ऑगस्ट २०१०चा. आकारिक आणि संकलित हे शब्द तेव्हा शाळांत घुमू लागले. आकारिक म्हणजे शिकताशिकता घेतलेला अंदाज, ज्यावरून शिकवणे बदलायचे. निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय ही त्याची साधने. कल्पना पंतोजीची आणि ताराबाईंची, दोघांचीही. प्रत्यक्षात शिक्षकाच्या पदरी आल्या प्रत्येक मुलाच्या, प्रत्येक विषयाच्या वर्णनात्मक नोंदी, आणि काही दिवसांत तयार नोंदींच्या याद्या या शाळेतून त्या शाळेत फिरू लागल्या. 'परिपाठात आवडीने सहभाग घेतो.' 'स्वतःच्या भाषेत मत मांडतो.' जुन्या शेरेबुकातला 'वाचन बरे' नव्या अंगरख्यात आला होता. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेने सांगितले की तिच्या खऱ्या नोंदी तिच्या पर्समधल्या वहीत असतात, कोणाला हातचा येत नाही, कोण 'ध' आणि 'घ' मध्ये अडतो, कोणाचे घर सध्या स्थलांतरात आहे. ती वही कुणी तपासत नाही, म्हणूनच ती खरी राहिली आहे, असे तिचे म्हणणे.

२००५ पासून मुंबईत जन्मलेली 'प्रथम' ही संस्था 'असर' नावाची पाहणी प्रसिद्ध करते. स्वयंसेवक घरी जातो, पोराजवळ बसतो, कागद पुढे करतो. अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात अंक ओळखणे, हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकी भागाकार. परीक्षा तोंडी असते, एकेकट्याची असते, आणि या मापावर ना शाळेचा पैसा टांगलेला आहे ना पोराची इयत्ता. पाचवीतली निम्म्याच्या आसपास मुले दुसरीची गोष्ट वाचू शकत नाहीत, हे देशाला कळले ते यातून. शाळांच्या आपल्या नोंदवह्यांत तीच मुले 'आवडीने सहभाग' घेत होती.

२०१९ साली कायदा दुरुस्त झाला. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली. नापास झाला तर जादा शिकवणी, निकालानंतर दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा, तीही गेली तर त्याच इयत्तेत. शाळेतून काढता मात्र येणार नाही. मे-जूनच्या त्या दोन महिन्यांत ऊसतोडीहून परतलेल्या आणि पुढच्या कामाच्या शोधात असलेल्या घरांतल्या पोरांना जादा शिकवणी कोण, कुठे देणार, हे जूनमध्ये शाळांत जाऊन पाहायचे मी ठरवले आहे.